कान्कूनहून बसने वायादोलिद: चिचेन इत्साच्या उंबरठ्यावर मुक्काम

मेक्सिकोतल्या कान्कूनला समुद्रासाठी जाणारी बहुतेक मराठी मंडळी चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन नगर एका दिवसात उरकतात. सकाळी हॉटेलच्या दारात टूरची गाडी येते, वाटेत दोन दुकानांत थांबते आणि भर उन्हात, गर्दीच्या ऐन वेळी पिरॅमिडसमोर उतरवते. पहिल्या खेपेला आम्हीही असंच केलं. दोन तास मिळाले, त्यातला निम्मा वेळ सावली शोधण्यात गेला. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती, वय अडुसष्ट. या वेळी आम्ही साध्या प्रवासी बसने वायादोलिदला गेलो आणि तीन रात्री तिथेच राहिलो. चिचेन इत्सापासून हे जुनं स्पॅनिश वसाहतीतलं शहर जेमतेम ४०-४५ किलोमीटरवर आहे. सकाळी आठला आम्ही चिचेन इत्साच्या दारात होतो आणि पहिला तासभर ते विस्तीर्ण मैदान जवळजवळ आमचंच होतं. तो तास तुम्हालाही मिळावा, म्हणून हे सगळं बारकाईने लिहिते आहे.

आधी नावाचं बघू. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण 'व्हॅलाडोलिड' म्हणतो, पण तिकीट खिडकीवर ते कुणाला कळत नाही. स्पॅनिशमध्ये जोड 'एल'चा उच्चार 'य' होतो आणि सुरुवातीचा 'व' आपल्या 'ब'च्या जवळ जातो. 'बायादोलिद' म्हणा, लगेच कळेल.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोत जायला व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल, तर वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. अमेरिकेतल्या मुलांकडे आलेल्या आईवडिलांना ही सोय फार उपयोगी पडते. तरी नियम बदलू शकतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी मेक्सिकन वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

नोव्हेंबर ते मार्च हे महिने चांगले. एप्रिल-मेमध्ये युकातानचं, म्हणजे या सगळ्या भागाचं, ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं, वर दमटपणा असतोच. जून ते ऑक्टोबर पावसाचे दिवस, आणि वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, पिरॅमिडच्या उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर दुपारी सावलीचा साप उतरताना दिसतो. तो बघायला हजारो लोक येतात. गर्दी सोसत असेल तरच त्या तारखा निवडा. वायादोलिदमधली खोली मात्र तेव्हा खूप आधी ठरवावी लागेल.

रोख पेसो जवळ असू द्या, त्यातही सुट्टे जास्त. सामायिक व्हॅन, मंडई, स्वच्छतागृहं, सगळीकडे रोख चालते आणि ५०० पेसोंची नोट मोडताना समोरच्याचा चेहरा उतरतो. पैसे एटीएममधून काढा. 'आमच्या दराने रूपांतर करू का?' असं पडद्यावर विचारलं तर नकार द्या. तुमच्या बँकेचा दर जवळजवळ नेहमीच बरा असतो.

कोणती बस

इथे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला वर्ग म्हणजे 'आदेओ', गाडीवर लाल अक्षरांत एडीओ लिहिलेलं असतं. आपली शिवनेरी डोळ्यांसमोर आणा: ठरलेली आसनं, वातानुकूलन, मागे स्वच्छतागृह आणि टोलच्या महामार्गाने थेट प्रवास. कान्कून ते वायादोलिद अंतर साधारण १६० किलोमीटर, वेळ दोन ते अडीच तास. दुसऱ्या वर्गात 'ओरिएन्ते'च्या गाड्या येतात. त्यांचा स्वभाव आपल्या लाल एसटीचा. जुन्या, बिनटोलच्या रस्त्याने गावागावांतून जातात, हात केला की थांबतात, शाळेतली मुलं, कोंबड्यांची खोकी, मक्याच्या गोण्या सगळं घेतात. भाडं बरंच कमी, पण वेळ दीडपट ते दुप्पट.

माझं मत सांगते. कान्कूनहून येताना सामान असतं आणि विमानाचा शीण असतो, तेव्हा आदेओच घ्या. वायादोलिदला पोचल्यावर एखादी छोटी फेरी ओरिएन्तेने जरूर करा. खिडकीतून दिसणारी पामच्या पानांनी शाकारलेली लंबगोल माया घरं, अंगणातले झोपाळे, पांढऱ्या कापडावर रंगीत फुलांचं भरतकाम केलेले 'इपिल' घालून फाटकात उभ्या बायका, हे टोलच्या रस्त्यावरून दिसत नाही. तिथे दोन्ही बाजूंना नुसतं खुजं जंगल आहे, मैलोन्‌मैल.

तुलूमहून वायादोलिद साधारण १०० किलोमीटर आहे, मेरिदाहून कान्कूनइतकंच. दोन्हीकडून आदेओ मिळते. प्लाया देल कार्मेनमध्ये आदेओचे दोन तळ आहेत, त्यामुळे तिकिटावर कोणता लिहिला आहे ते नीट वाचा. डिसेंबर २०२३ मध्ये 'त्रेन माया' ही रेल्वेही सुरू झाली आणि वायादोलिदला तिचं स्टेशन आहे. पण ते गावाबाहेर आहे. बसचा तळ मुख्य चौकापासून दोन गल्ल्यांवर, म्हणून मी बसच्याच बाजूची.

तिकीट

कान्कून शहरातला मुख्य तळ तुलूम आणि उश्माल या दोन हमरस्त्यांच्या नाक्यावर आहे. विमानतळावरून तिथे जायला आदेओच्याच गाड्या सुटतात. विमानतळाच्या बाहेरच्या दालनात टॅक्सीवाले आणि 'मोफत माहिती' देणारे लोक वाट अडवतील. कुणापाशीही थांबू नका, सरळ बाहेर या आणि आदेओची खिडकी गाठा. पोटात दोन घास आणि हातात पाण्याची बाटली असेल तर हा टप्पा सोपा जातो.

तिकीट अॅपवर आधी काढलं तर स्वस्त पडतं, कारण भाडं मागणीप्रमाणे चढत जातं. पण परदेशी कार्ड अॅपवर नाकारलं जाणं नेहमीचं आहे. तसं झालं तर हिरमुसू नका. तळावरच्या खिडकीत किंवा चौकाचौकात असलेल्या 'ओक्सो' दुकानात रोख पैसे देऊन तिकीट मिळतं. खिडकीवर एवढंच म्हणा: 'उन बोलेतो पारा बायादोलिद, पोर फाबोर', बायादोलिदचं एक तिकीट द्या. समोरच्या पडद्यावर आसनांचा नकाशा दिसतो, त्यातून जागा तुम्ही निवडायची. नाव विचारतील; पासपोर्टवर आहे तसं लिहून दाखवलेलं बरं.

कोणती बाजू घ्यायची, याचाही विचार करा. कान्कूनहून बस पश्चिमेला जाते, म्हणजे डावी बाजू दक्षिणेची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उजवीकडच्या खिडक्यांना ऊन कमी लागतं. परतताना डावी बाजू घ्या.

घड्याळातला एक तास

इथे अनेक जण फसतात. कान्कून किन्ताना रो राज्यात आहे आणि ते राज्य २०१५ पासून वायादोलिदच्या युकातान राज्यापेक्षा एक तास पुढे आहे. २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागांत उन्हाळी वेळेची पद्धत बंद केली, त्यामुळे हा फरक आता वर्षभर राहतो. तिकिटावर सुटण्याची वेळ कान्कूनची आणि पोचण्याची वायादोलिदची असते. सकाळी दहाला निघून अडीच तास प्रवास केलात तर उतरताना तिथे साडेअकराच वाजलेले असतील. जाताना एक तास मिळतो, येताना तोच तास जातो. फोनचं घड्याळ वाटेतच आपोआप बदलतं, कधी सीमेजवळ पुढेमागेही होतं. महत्त्वाच्या वेळा कागदावर लिहून ठेवा आणि शेजारी कोणत्या गावची वेळ तेही लिहा.

गाडीत

सुटण्याआधी अर्धा तास तळावर या. मोठी बॅग डिकीत जाते. तिला चिठ्ठी लावून अर्धी तुमच्या हातात देतात. ती जपा, उतरताना ती दाखवल्याशिवाय बॅग देत नाहीत. पासपोर्ट, औषधं आणि पैसे मात्र अंगावरच्या पिशवीत ठेवा.

बसमधली थंडी ही खरी अडचण आहे. बाहेर ३५ अंश असलं तरी आत स्वेटर लागतो. आईने पिशवीतून शाल काढली तेव्हा मी हसले होते; अर्ध्या तासाने तिचाच अर्धा पदर मागून घेतला. उलटीचा त्रास असलेल्यांनी पुढच्या रांगा घ्याव्यात, पण रस्ता सपाट आणि सरळ आहे, घाट एकही नाही. वाटेत तपासणी नाक्यावर गाडी थांबवून कागद बघू शकतात, पासपोर्ट हाताशी असला म्हणजे झालं.

उतरल्यावर

तळ ३९ क्रमांकाच्या रस्त्यावर, ४६ च्या नाक्याला आहे. वायादोलिदचे रस्ते आकड्यांनी ओळखले जातात: सम आकडे उत्तर-दक्षिण, विषम आकडे पूर्व-पश्चिम. पत्ता '३९ x ४६' असा लिहितात आणि मधलं चिन्ह 'पोर' असं वाचतात. म्हणजे ३९ वर, ४६ जिथे छेदतो तिथे. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा लागत नाही. तळावरून पूर्वेला चालू लागा. ४४ येईल, मग ४२, आणि झाडांनी भरलेला मुख्य चौक समोर. आकडे वाढायला लागले तर उलट दिशेला चाललात असं समजा.

मुक्काम या चौकापासून पाच-सहा गल्ल्यांच्या आत घ्या. पहाटेच्या गाड्या तळाजवळूनच सुटतात, आणि चालत जाता येणं हाच इथे राहण्याचा अर्धा फायदा आहे.

हे शहर कशावर उभं आहे

पिरॅमिडकडे जाण्याआधी एक संध्याकाळ शहराला द्या. त्याशिवाय चिचेन इत्साचं पुढे काय झालं, माया लोक 'नाहीसे' झाले या सांगीवांगीत किती तथ्य आहे, हे कळणार नाही.

स्पॅनिशांनी हे शहर १५४३ मध्ये दुसऱ्याच जागी, एका पाणथळ तळ्याकाठी वसवलं. तिथली हवा मानवली नाही, म्हणून १५४५ मध्ये ते इथे हलवलं. पण 'इथे' मोकळी जमीन नव्हती. साकी नावाचं माया नगर होतं. त्यातल्या वास्तू पाडून त्याच दगडांनी चर्च आणि घरं बांधली. चौकाच्या दक्षिणेचं सान सेर्वासिओ चर्च बघताना ते लक्षात असू द्या. साकीचं नाव आज उरलं आहे ते चौकाच्या पूर्वेला, ३६ क्रमांकाच्या रस्त्यावर, गावाच्या ऐन मध्यात असलेल्या सेनोतेला.

सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडं पडलेलं भूगर्भातलं पाणी. उत्तर युकातानमध्ये जमिनीवर नदी नाही. पाऊस चुनखडीतून थेट खाली झिरपतो आणि जमिनीखालून वाहतो. त्यामुळे माया नगरं वसली ती सेनोतेंच्या आधाराने. आपल्याकडे गाव नदीकाठी का, हे जसं विचारावं लागत नाही, तसंच हे.

चौकाच्या पश्चिमेला ४१ आणि ४६ च्या नाक्यावरून एक तिरकी गल्ली फुटते, 'काल्सादा दे लोस फ्राइलेस', साधूंचा रस्ता. रंगीत बैठी घरं, जाड भिंती, लाकडी दारं. संध्याकाळी पाचनंतर चाला, उजेड तेव्हाच भिंतींवर तिरका पडतो. गल्लीच्या टोकाला सिसाल भागातला सान बेर्नार्दिनो मठ आहे, फ्रान्सिस्कन साधूंनी १५५२ पासून बांधलेला. त्याची विहीर सेनोतेवरच बांधली आहे आणि तिच्या तळाशी जुन्या बंदुका सापडल्या.

त्या बंदुका कुठल्या युद्धातल्या, तेही जाणून घ्या. जुलै १८४७ मध्ये मान्वेल आन्तोनिओ आय या माया पुढाऱ्याला याच शहरात, सान्ता आना चौकात मृत्युदंड दिला गेला. काही दिवसांतच माया शेतकऱ्यांचा उठाव पेटला. १८४८ च्या मार्चमध्ये उठावकऱ्यांनी हे शहर घेतलं, आणि युद्ध औपचारिकपणे संपायला १९०१ उजाडलं. तेव्हाच्या गोऱ्या जमीनदारांच्या शहरात आज मंडईतली निम्मी बोलणी माया भाषेत ऐकू येतात. भाजी घेतल्यावर 'दिओस बो'ओतिक' म्हणा, माया भाषेतलं 'धन्यवाद'. आईने ते पाठ केलं होतं. समोरच्या आजीने तिचा हात धरला आणि दोन चिकू वर घातले. चिकू तिथलाच, आपल्या डहाणू-घोलवडच्या बागांतल्या झाडाचं मूळ घर हेच. नावही मेक्सिकोच्या नावात्ल भाषेतून निघालेलं. आई ते फळ हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होती.

चिचेन इत्साची सकाळ

स्थळ सकाळी आठला उघडतं. बसच्या तळाजवळून, ३९ क्रमांकाच्याच रस्त्यावरून सामायिक व्हॅन सुटतात, त्यांना 'कोलेक्तिवो' म्हणतात. आपल्या वडापसारख्याच, भरल्या की निघतात. पावणेसातला हजर राहा. प्रवास पाऊण ते एक तासाचा. पैसे चालकाला रोख. परतीची व्हॅनही प्रवेशद्वाराजवळच्या वाहनतळावरून मिळते. शेवटची किती वाजता, हे सकाळीच उतरताना विचारून घ्या. मेरिदाकडे जाणारी ओरिएन्तेची बसही तिकडूनच जाते. चालकाला 'पासा पोर चिचेन?' विचारा, चिचेनवरून जाते का म्हणून.

प्रवेशाचे पैसे दोन भागांत घेतात, एक केंद्राचे आणि एक युकातान राज्याचे. दोन्ही पावत्या हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे तो वार टाळा.

आत गेल्यावर फिरण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी सरळ एल कास्तियो, म्हणजे कुकुल्कान या सर्पदेवाचा पिरॅमिड. चढायला बंदी आहे. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५, वर्षाचे दिवस. उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. दगडांतून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज परत येतो. तो केत्साल पक्ष्याचा म्हणतात. नऊनंतर इतक्या टाळ्या वाजतात की तुमची तुम्हालाच ऐकू येत नाही, म्हणून हे पहिल्यांदा करा.

मग मायांच्या चेंडूच्या खेळाचं मैदान. लांबी १६८ मीटर, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या अशा प्राचीन मैदानांत सर्वांत मोठं. भिंतींत उंचावर दगडी कड्या बसवल्या आहेत. खालच्या पट्टीवरचं कोरीवकाम वाकून बघा: शिर छाटलेल्या खेळाडूच्या मानेतून रक्ताच्या धारा सापांच्या रूपाने उसळतात. वेरूळ बघितलेल्या डोळ्यांना दगडातल्या या सर्पांकडे बघताना थबकायला होतं. इथे वाटाड्या घ्यायचा तर घ्या, पण दर आणि भाषा आधीच ठरवा.

तिथून पांढऱ्या रस्त्याने पवित्र सेनोतेकडे जा. या उंच बांधलेल्या रस्त्यांना माया भाषेत 'साक्बे' म्हणतात, पांढरा मार्ग. सेनोते जवळपास ६० मीटर रुंद आहे आणि त्यात पोहता येत नाही. तिच्या तळातून सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली आहेत. परतताना योद्ध्यांचं मंदिर आणि हजार खांब करा, आणि शेवटी दक्षिणेकडचा भाग, जिथे वेधशाळेसारखा गोल मनोरा 'काराकोल' आहे. तिथे झाडं आहेत, म्हणून ऊन चढल्यावरचा वेळ तिकडे ठेवायचा. अकराच्या सुमाराला कान्कूनच्या बसगाड्या एकामागून एक येऊ लागतात. तेव्हा बाहेर पडा.

टोपी, दोन लिटर पाणी आणि बंद बूट हवेतच. वाटेवर विक्रेत्यांच्या रांगा आहेत. घ्यायचं नसेल तर 'नो, ग्रासियास' म्हणून चालत राहा.

दुसरा दिवस: एक बालाम आणि पाणी

यातलं 'एक' म्हणजे आपला आकडा नव्हे. माया भाषेत त्याचा अर्थ काळा किंवा तारा, आणि बालाम म्हणजे जग्वार. हे स्थळ वायादोलिदच्या उत्तरेला साधारण २५-३० किलोमीटरवर आहे. व्हॅन ४४ क्रमांकाच्या रस्त्यावरून सुटतात, पण इथे प्रवासी कमी, त्यामुळे चार माणसं जमेपर्यंत थांबावं लागतं. तिथल्या मुख्य वास्तूवर राजा उकित कान लेक तोक याची कबर आहे. तो ७७० मध्ये गादीवर आला. कबरीचं दार म्हणजे दात विचकलेलं प्रचंड तोंड, पांढऱ्या गिलाव्यात घडवलेलं, आजही जवळपास अखंड. वर चढू देतात का, हे दारावरच विचारा. गुडघे दुखत असतील तर खालून बघण्यासारखंही भरपूर आहे. आई सावलीत बसून होती आणि तिची तक्रार नव्हती.

दुपारी द्झित्नुपला जा, गावापासून सुमारे सात किलोमीटर. श'केकेन आणि सामुला या दोन सेनोते समोरासमोर आहेत. पहिलीत छताच्या एकाच भोकातून उजेडाचा खांब पाण्यात उतरतो, दुसरीत झाडाची मुळं छतातून पाण्यापर्यंत लोंबतात. उतरण्याआधी अंघोळ सक्तीची आहे आणि सनस्क्रीन, तेल, अत्तर काही लावायचं नाही, कारण हेच पाणी पुढे सगळ्या प्रदेशाच्या जमिनीखालून वाहतं. पायऱ्या ओल्या असतात. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घ्या.

शाकाहाऱ्यांसाठी

चौकातल्या 'बासार मुनिसिपाल'मध्ये बसून जेवा. कोचिनीता पिबिल, लोंगानिसा ही इथली नावाजलेली पक्वान्नं डुकराच्या मांसाची आहेत. अंडी चालत असतील तर 'पापाद्सुलेस' मागवा: भोपळ्याच्या बियांच्या वाटणात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या, आत उकडलेलं अंडं. शिजवलेले घेवडे निरुपद्रवी वाटतात, पण त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. 'सिन मान्तेका?' हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा, चरबीशिवाय आहे ना म्हणून. 'सोपा दे लिमा' लिंबाचं सार वाटतं, असतं कोंबडीचं. संध्याकाळी चौकात हातगाड्यांवर 'मार्केसिता' मिळते, कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं चीज. आबानेरो मिरची आपल्या लवंगीपेक्षा बरीच जहाल आहे. आधी काट्याच्या टोकावर घेऊन बघा. नळाचं पाणी पिऊ नका.

परतीला

विमानाच्या दिवशी हिशेब उलटा करा. कान्कूनच्या वेळेने विमानाआधी तीन तास विमानतळावर पोचायचं, त्यातून शहरातला तळ ते विमानतळ बसचा एक तास धरा, मग प्रवासाचे अडीच तास, आणि घड्याळाचा गमावलेला एक तास. म्हणजे दुपारी तीनच्या विमानासाठी वायादोलिदच्या घड्याळात साडेसातच्या आत सुटणारी बस हवी. ते तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा, कारण सोमवारी सकाळी आणि सुट्यांनंतर आदेओच्या गाड्या भरून जातात. तळावर फलाट आयत्या वेळी बदलू शकतो, म्हणून घोषणा ऐका आणि गाडीच्या काचेवरची पाटी वाचूनच चढा.